राजीनामा झाला, चौकशीचे काय?

5 एप्रिल 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सीबीआयला पंधरा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याचा आदेश दिला आणि त्याच दिवशी अनिल देशमुख यांनी गृहमंत्रिपद सोडले. राज्यभर ती गृहमंत्र्यांची बातमी होती. गोंदिया जिल्ह्यात मात्र ती पालकमंत्री गेल्याचीही बातमी होती. करोनाची दुसरी लाट चढत होती, खाटा आणि ऑक्सिजनसाठी नातेवाइकांची धावाधाव चालली होती आणि उन्हाळी धानाच्या खरेदीचा हंगाम तोंडावर आला होता. पालकमंत्री म्हणून देशमुखांच्या जागी नवाब मलिक आले. 23 फेब्रुवारी 2022 रोजी ईडीने त्यांना अटक केली. त्यांनी राजीनामा दिला नाही. खाती दुसऱ्यांकडे गेली, गोंदियाचे पालकमंत्रिपद राहुरीच्या प्राजक्त तनपुरे यांच्याकडे गेले, पण मलिक जूनअखेर सरकार पडेपर्यंत तुरुंगातूनही मंत्री राहिले.

एका पालकमंत्र्याने सीबीआयची चौकशी सुरू होण्याआधीच पद सोडले. त्याच्या जागी आलेल्याने कोठडीत असूनही सोडले नाही. वर्षभराच्या आत एकाच जिल्ह्याने दोन्ही पाहिले. मला यातले पहिले वागणे योग्य वाटते आणि दुसरे अयोग्य, आणि हे मत दोघेही संपूर्ण निर्दोष आहेत असे धरूनही बदलत नाही. त्याहून जास्त अस्वस्थ करते ती गोष्ट वेगळी आहे. योग्य वागण्याची किंमत आपल्या राज्यात इतकी चढली आहे की यापुढे शहाणा सल्लागार कुणाही मंत्र्याला राजीनाम्याचा सल्ला देणार नाही.

देशमुखांचे प्रकरण थोडे मागे जाऊन पाहावे लागते. 17 मार्च 2021 रोजी परमबीर सिंग यांना मुंबईच्या पोलीस आयुक्तपदावरून हलवण्यात आले. तीन दिवसांनी त्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले : गृहमंत्र्यांनी पोलीस अधिकारी सचिन वाझे यांना महिन्याला 100 कोटी रुपये गोळा करायला सांगितले. मुंबईतले सुमारे 1,750 बार आणि रेस्टॉरंट, प्रत्येकाकडून दोन-तीन लाख, असा हिशेबही पत्रात होता. आरोप भयंकर होता. पण तो करणारा अधिकारी नुकताच पदावरून हटवला गेलेला होता, आणि हे सगळे आयुक्तपदावर असताना त्याने का रोखले नाही, हा प्रश्न उघडा होता. केवळ त्या पत्रावर देशमुखांनी पद सोडायला हवे होते का? मला नाही वाटत. रागावलेल्या अधिकाऱ्याच्या एका पत्राने मंत्री जाऊ लागला तर बदलीचा प्रत्येक आदेश काढताना सरकारचा हात थरथरेल.

5 एप्रिलला परिस्थिती बदलली. सरकारपासून स्वतंत्र असलेल्या एका संस्थेने, उच्च न्यायालयाने, प्रकरण तपासण्याजोगे आहे असे म्हटले. शिवाय ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याच हाताखालच्या पोलिसांकडून निष्पक्ष तपास कसा होणार, हा मुद्दा न्यायालयानेच मांडला. ज्यांचे जबाब घ्यायचे त्या पोलीस अधिकाऱ्यांच्या बदल्या, बढत्या, निलंबन सगळे गृहमंत्र्याच्या सहीवर चालते. त्या खुर्चीत बसून चौकशीला सामोरे जाणे सभ्यतेला धरून नव्हते. म्हणून मी त्या राजीनाम्याला न्याय्य म्हणतो.

मंत्रिपद कुणाचा हक्क नसतो. राज्यघटनेच्या 164व्या कलमाप्रमाणे मंत्री राज्यपालांची मर्जी असेपर्यंत, म्हणजे प्रत्यक्षात मुख्यमंत्र्यांचा विश्वास असेपर्यंत पदावर राहतो. पद काढून घ्यायला गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही. शिक्षा करायला मात्र व्हावा लागतो. हे दोन वेगळे निकष आहेत आणि आपण ते सरसकट एकात कालवतो. राजीनामा आला की चौकात, चॅनेलवर, विधानभवनाच्या पायऱ्यांवर एकच निष्कर्ष निघतो : काहीतरी केले असणार, नाहीतर कशाला सोडले असते? एकदा राजीनामा म्हणजे कबुली ठरली की खुर्चीला चिकटून राहणे हाच बचाव ठरतो. मलिक यांच्या पक्षाने हेच गणित केले. राजीनामा दिला तर आरोप मान्य केल्यासारखे होईल, असे ते उघड सांगत होते.

महाराष्ट्रात पूर्वी क्रम वेगळा होता. 1982 मध्ये मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले गेले ते न्यायमूर्ती लेंटिन यांच्या निकालानंतर. 1986 मध्ये मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर गेले ते उच्च न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर. म्हणजे आधी कुणीतरी कागद तपासले, मग पद गेले. आता पद आधी जाते. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पुढच्या भागाला, कारण तपासलेले कागद नंतर लोकांसमोर येतच नाहीत.

जून 2016 मध्ये एकनाथ खडसे यांनी भोसरीच्या जमिनीच्या प्रकरणात महसूलमंत्रिपद सोडले. त्यानंतर निवृत्त न्यायमूर्ती झोटिंग यांची समिती नेमली गेली. तिने 2017 मध्ये अहवाल दिला. सरकारने तो सभागृहात मांडला नाही. खडसे स्वतः तो मांडा म्हणत राहिले. फेब्रुवारी 2021 मध्ये पुण्यातल्या एका तरुणीच्या मृत्यूच्या प्रकरणात संजय राठोड यांनी वनमंत्रिपद सोडले. ऑगस्ट 2022 मध्ये, पोलिसांनी क्लीन चिट दिली आहे असे सांगत, त्यांना पुन्हा मंत्री करण्यात आले. पोलिसांनी काय तपासले आणि कशावरून काय ठरवले, हे नागरिकाला वाचायला मिळाले नाही. मुलगी गेली, मंत्री गेला, मंत्री परत आला, आणि मधले पान कोरे.

देशमुखांच्या बाबतीत तर हा प्रकार टोकाला गेला. राज्य सरकारने 30 मार्च 2021 रोजी निवृत्त न्यायमूर्ती कैलास चांदीवाल यांची एकसदस्यीय समिती नेमली. तिच्यासमोर परमबीर सिंग बराच काळ आलेच नाहीत, त्यांना दंड झाला, जामीनपात्र वॉरंट निघाले, आणि शेवटी त्यांनी कळवले की पत्रापलीकडे आपल्याकडे आणखी पुरावा नाही. देशमुखांना ईडीने नोव्हेंबर 2021 च्या सुरुवातीला अटक केली आणि ते 28 डिसेंबर 2022 ला, तेरा महिन्यांहून जास्त काळाने, जामिनावर बाहेर आले. जामीन देताना उच्च न्यायालयाने वाझे यांच्या जबाबाच्या विश्वासार्हतेबद्दल शंका नोंदवल्या. जामीन म्हणजे निर्दोषत्व नव्हे, हे खरे. पण चांदीवाल यांनी एप्रिल 2022 मध्ये अहवाल सरकारच्या हाती दिला होता. देशमुख म्हणतात, त्यात आपल्याला क्लीन चिट आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये, ऐन विधानसभा निवडणुकीत, चांदीवाल यांनी मुलाखतीत सांगितले की आपण अशी क्लीन चिट दिलेली नाही. अहवाल लिहिणारा एक सांगतो, ज्याच्याविषयी लिहिला तो दुसरे सांगतो. वाद मिटवू शकणारा कागद मंत्रालयात आहे, आणि महाविकास आघाडीनेही तो मांडला नाही, महायुतीनेही नाही. दोन्ही बाजूंना तो बंद असणे सोयीचे असल्याशिवाय असे घडत नाही.

चौकशी आयोगांबाबत 1952 चा कायदा सांगतो की अहवाल आल्यापासून सहा महिन्यांत तो, त्यावर काय केले याच्या टिपणीसह, विधिमंडळापुढे ठेवावा. मंत्र्यावरील आरोपांसाठी नेमलेल्या प्रत्येक चौकशीला, तिचे नाव समिती असो की आयोग, हाच नियम लागू हवा. चौकशीतून दोष दिसला तर खटला चालवा. दिसला नाही तर त्या माणसाला तसे सभागृहात, कामकाजाच्या नोंदीत सांगा. एवढी हमी असली तरच मंत्री आपणहून बाजूला होईल.

ऑगस्ट 2025 मध्ये लोकसभेत मांडलेले 130वे घटनादुरुस्ती विधेयक या प्रश्नाला दुसरीकडून हात घालते : गंभीर गुन्ह्यात सलग 30 दिवस कोठडीत राहिलेल्या मंत्र्याचे पद जावे. मलिक यांचे प्रकरण आठवले की ही तरतूद पटू लागते. पण अटक करणारी ईडीसारखी यंत्रणा केंद्र सरकारच्या हाताखाली असते आणि अटक व्हायला न्यायालयाने पुरावा पारखलेला असावा लागत नाही. अटकेवरून मंत्री जाणार असेल, तर कुणाचा मंत्री ठेवायचा हे दिल्लीतून ठरेल. न्यायालयाने प्रकरण चौकशीयोग्य ठरवणे हा टप्पा मला त्यापेक्षा सुरक्षित वाटतो. मात्र या शंकेने मलिक सुटत नाहीत. कोठडी ईडीने मागितली तरी ती न्यायालयाने दिली होती, आणि तुरुंगातला माणूस जिल्ह्याची बैठक घेऊ शकत नाही.

ही बैठक म्हणजे काय, हे मुंबई-पुण्याच्या वाचकाला कदाचित जाणवणार नाही. पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष असतो. शाळाखोल्या, अंगणवाड्या, मामा (माजी मालगुजारी) तलावांची दुरुस्ती, आरोग्य केंद्रे यांचा वार्षिक आराखडा तिथे मंजूर होतो. गोंदियात त्यावर धान येते. आधारभूत केंद्रावर बारदाना संपतो, गोदामे भरलेली असतात, मे महिन्यात अवकाळी पाऊस येतो आणि उघड्यावर ठेवलेले पोते खालून ओले होऊन कोंब धरते. चुकारे थकतात, बोनसची घोषणा लांबते. तेव्हा मुंबईत संबंधित खात्याच्या मंत्र्याला फोन करून काम मार्गी लावणारा माणूस म्हणून लोक पालकमंत्र्याकडे पाहतात. इथे काटोल, मुंबई, राहुरी अशा ठिकाणचे पालकमंत्री एकामागून एक येऊन गेले. झेंडावंदनापुरता पालकमंत्री, ही तक्रार जिल्ह्यात जुनी आहे.

याच जिल्ह्याने एक वेगळा राजीनामाही पाहिला होता. डिसेंबर 2017 मध्ये नाना पटोले यांनी शेतकऱ्यांच्या प्रश्नावर खासदारकी सोडली. तो राजीनामा आरोपांमुळे नव्हता, पण त्यानंतर मे 2018 मध्ये पोटनिवडणूक झाली आणि भंडारा-गोंदियाच्या मतदाराला आपले मत नोंदवता आले. पालकमंत्री जातो तेव्हा मतदाराला मत विचारले जात नाही. त्याच्या हाती येण्याजोगी एकच गोष्ट असते, ती म्हणजे चौकशीचा अहवाल.

गोंदिया, तिरोडा, आमगाव आणि अर्जुनी मोरगाव असे जिल्ह्याचे चार आमदार विधानसभेत बसतात. चांदीवाल अहवाल पटलावर ठेवा, ही मागणी करायला त्यांना पक्षाचा रंग आड येऊ नये, कारण तो ज्याच्याविषयी आहे तो त्यांच्याच जिल्ह्याचा पालकमंत्री होता. हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, गोंदियाहून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर. पुढच्या अधिवेशनात हा प्रश्न चौघांपैकी कोण विचारतो, हे मतदारांनी त्यांना आताच विचारायला हवे.