दिवा कोणासाठी?

गेल्या हिवाळ्यात धार जिल्ह्यातील कुक्षीहून नर्मदातीरीच्या महेश्वरास आम्ही सहकुटुंब निघालो होतो. निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली मोठी मोटार होती. रात्र पडली; आत मातोश्री दिव्याच्या उजेडात पोथी वाचीत होत्या. चालकाने गाडी डावीकडे घेतली, तोच बाहेरून आरोळी ऐकू आली. एक सायकलस्वार थोडक्यात वाचला होता. डावा आरसा जागेवर होता, स्वच्छही होता. परंतु ज्या काचेतून तो पाहावयाचा, तिच्यावर आमच्याच दिव्याचे प्रतिबिंब पडले होते.

कायद्याने काचेचा विचार केलेला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पुढील व मागील काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश पार व्हावा असे ठरविले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवर काळी फिल्म लावण्यास मनाई केली. परंतु बाहेर अंधार व आत उजेड असला म्हणजे निर्मळ काचही आरसाच बनते. तेथे नियम पुरा पडत नाही, विवेकच लागतो.

दोष दिव्याचा नव्हता, पोथीचा तर नव्हताच. प्रश्न एवढाच की, आमच्या पुण्यकर्माचे मोल अंधारातील अनोळखी माणसाने का द्यावे? आम्ही युक्तिवाद जुळवीत होतो. मातोश्रींनी पोथी मिटली. “अरे, त्याला माणूस दिसेना, आणि मी देव पाहत बसू?” असे म्हणून त्यांनी दिवा मालविला. काही क्षणांतच आरशात मागचा रस्ता दिसू लागला.