वस्तीवरची जाग

आगमनकाळाचा पहिला रविवार



दिवाळी सरली. पंचगंगेच्या काठावर सकाळचे धुके उतरू लागले. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले आणि ट्रंकेतले स्वेटर, कानटोप्या बाहेर निघाल्या. कोल्हापुरात थंडी आली की आपले दोन प्रकारचे वाट पाहणे सुरू होते. रानात उसाच्या तोडीची वाट, आणि चर्चमध्ये प्रभूच्या येण्याची वाट. आज आगमन चक्रावरची पहिली मेणबत्ती आपण पेटवली आहे.

आजच्या शुभवर्तमानात (मार्क, अध्याय १३) प्रभू येशू एका घराची गोष्ट सांगतो. घरधनी परगावी गेला आहे. जाताना त्याने प्रत्येक चाकराला ज्याचे त्याचे काम नेमून दिले आणि द्वारपालाला जागे राहायला बजावले. तो परत केव्हा येईल हे कुणालाच ठाऊक नाही. संध्याकाळी येईल, मध्यरात्री येईल, कोंबडा आरवताना येईल किंवा उजाडता उजाडता येईल. त्या काळी रोमन लोक रात्रीचे चार भाग करीत, आणि मार्क तेच चार भाग एकामागून एक मोजतो. आपल्याकडेही रात्रीचे प्रहर चारच.

शहरात राहणाऱ्याला ही चार नावे नुसती वेळेची वाटतील. पण आपल्यापैकी ज्यांची घरे रानात, वस्तीवर आहेत, त्यांना प्रत्येक प्रहराचे काम माहीत आहे.

संध्याकाळ घ्या. या दिवसांत सूर्य लवकर कलतो. म्हशींच्या धारा काढायच्या, किटली घेऊन दूध संस्थेत जायचे, फॅट किती लागली ते पाहायचे. घरी चुलीवर भाकरी, पावट्याची आमटी, वाटीत खरडा. पोरे दिव्याखाली अभ्यासाला, आजी कोपऱ्यात जपमाळ घेऊन. मग मध्यरात्र. रात्रीच्या विजेची पाळी ज्यांच्या वाट्याला येते, ते घोंगडे पांघरून, बॅटरी घेऊन पाणी पाजायला निघतात. पाण्यात पाय गारठतात. सापाची भीती, राधानगरीच्या बाजूला गव्याची भीती. घरी बायकोचाही डोळा लागत नाही, तो परत येऊन पाय धुतल्याचा आवाज येईपर्यंत.

कोंबडा आरवतो तेव्हा गुऱ्हाळघरात जाग असते. गुऱ्हाळे आता पूर्वीपेक्षा कमी झाली, पण जिथे चालतात तिथे अजून तेच दृश्य आहे. जळव्या चुलवाणात चिपाडे सारत असतो, रसात भेंडीचा चीक घालून मळी वर काढली जाते, आणि गुळव्याची नजर काहिलीवरून हलत नाही. क्षणभर दुर्लक्ष झाले तर सगळे आदण बिघडते. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावामागे अशा कितीतरी माणसांच्या जागत्या रात्री आहेत.

आणि उजाडताना? उजाडण्याआधीच घरची लक्ष्मी उठलेली असते. शेण काढणे, बंब पेटवणे, धारा, डबे, सासऱ्याचा चहा. या ठिकाणी आपण जरा थांबू या. तुमच्या घरी सर्वांत आधी कोण उठते आणि सर्वांत शेवटी कोण झोपते? बहुतेक घरांत दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. प्रभूच्या गोष्टीत घरधन्याने प्रत्येकाला वेगळे काम दिले होते. आपण मात्र चारही प्रहर एकाच बाईच्या खांद्यावर टाकून मोकळे होतो, आणि वर म्हणतो, आमचे कुटुंब कष्टाळू आहे!

पण बंधुभगिनींनो, जागे असणे आणि जागृत असणे यांत फरक आहे. संत अगस्तीन काळाविषयी विचार करताना म्हणतो की भविष्य अजून आलेले नसते, ते आपल्या मनात आज अपेक्षेच्या रूपाने असते. म्हणजे वाट पाहणे ही उद्याची गोष्ट नाही, आजची आहे. ज्याचे आज लक्ष नाही, तो वाट पाहतच नाही.

याचे सर्वांत दुःखद उदाहरण पेत्राचे आहे. प्रभूने सांगितलेले चार प्रहर त्याच्याच दुःखसहनाच्या रात्री खरे झाले. संध्याकाळी भोजनाचा मेज, रात्री गेथशेमाने बागेत झोपी गेलेले शिष्य, कोंबडा आरवताना पेत्राचा नकार, पहाटे पिलाताकडे रवानगी. त्या रात्री थंडी होती असे योहान आवर्जून सांगतो. अंगणात चाकरांनी शेकोटी पेटवली होती आणि पेत्र तिथे शेकत उभा होता. तो झोपलेला नव्हता, चांगला जागा होता. अंगाला ऊब होती. तरीही तो म्हणाला की मी त्या माणसाला ओळखत नाही.

हिवाळ्यात आपल्या शेकोटीजवळ बसून आपण कुणाला ओळखत नाही?

आमचे उत्तर स्पष्ट आहे. आपल्याच बांधावर उतरलेल्या माणसांना. बीड, अहिल्यानगर, धाराशिवकडून आलेली ऊसतोड मजुरांची टोळी गावाबाहेर मोकळ्या रानात ताडपत्रीच्या आणि पाचटाच्या कोप्या घालून राहते. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. दोन जिवांना हत्याराचे नाव! आपण विचारतो, किती कोयते आले? त्यांची नावे विचारत नाही. आपला ऊस कारखान्याला गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत असा नियम आहे, आणि उशीर झाला की आपण संतापतो. ते रास्तच आहे. पण त्या मजुराने मुकादमाकडून हंगामाआधीच उचल घेतलेली असते. आपण पैशाची वाट पाहतो, तो आधीच खर्च झालेला पैसा अंगाने फेडत असतो.

खुशालीच्या पैशांवरून टोळीशी वाद होतात, हे आम्हाला माहीत आहे. शेतकऱ्याची अडचणही खरी आहे. तोड लांबली की उसाचे वजन घटते, गव्हाची पेरणी मागे पडते. पण वाद व्यवहाराचा असावा, माणसाशी नसावा. आणि त्या कोपीतल्या पोराचा तर कुणाशीच वाद नाही. आई-बाप पहाटेच्या अंधारात फडात जातात, तेव्हा सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळत कोपीजवळ बसलेली असते. तिची शाळा दिवाळीला सुटली ती सुटलीच. ज्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांतील मुलांसाठी वसतिगृहे उभी केली आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्याच कोल्हापुरात ही मुलगी शाळेची घंटा लांबून ऐकते. २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला कागदपत्रांच्या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. कायदा आहे. तिचा हात धरून शाळेपर्यंत नेणारा माणूस हवा आहे.

अजून चार आठवड्यांनी आपण घरोघरी नाताळचा गोठा तयार करू. शहरातली मुले पुठ्ठा आणि कापूस आणतील. वस्तीवरच्या मुलांना गोठा समजावून सांगावा लागत नाही. थंडीत घरातली सर्वांत उबदार जागा गोठाच असते, आणि गव्हाणीत बाळाला ठेवावे लागले म्हणजे त्या आईवर कोणती वेळ आली असेल, हेही त्यांना कळते. योसेफ आणि मरियाही हुकमामुळे घर सोडून परगावी आले होते. तीही दिवस भरलेली होती. उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. आणि प्रभूच्या जन्माची पहिली वार्ता कुणाला मिळाली? रात्री उघड्या रानात कळपाजवळ जागणाऱ्या मेंढपाळांना. दारे लावून झोपलेल्या गावाला नव्हे.

म्हणून या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी कराव्यात अशी आमची विनंती आहे. पहिली, घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी एक प्रहर आपल्याकडे घ्यावा. पहाटेचा चहा, धारा किंवा डबे, काहीही चालेल, पण ठरवून, रोज. दुसरी, ज्यांच्या रानात किंवा शेजारी टोळी उतरली आहे, त्यांनी तिथल्या माणसांची नावे विचारावीत, पिण्याचे पाणी आणि जमल्यास कोपीपाशी एक दिवा द्यावा, आणि शाळेच्या वयाची मुले असतील तर गावातल्या गुरुजींना किंवा बाईंना सांगावे. तिसरी, शहरात राहणाऱ्यांनी त्यांच्यासाठी पांघरुणे द्यावीत. फाटके, टाकाऊ देऊ नये. आपल्या लेकराच्या अंगावर घालू तेच द्यावे. आणि रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत त्या नवीन ओळखीच्या माणसांची नावे घ्यावीत.

घरधनी केव्हा येईल ते आम्हाला ठाऊक नाही. कोणत्या वाटेने येईल, हे मात्र त्याने आधीच दाखवून ठेवले आहे. तो गोठ्याच्या वाटेने येतो. त्या वाटेवर आपली जाग असो, आणि तो दारात उभा राहील तेव्हा आपल्या तोंडून नकार न येता 'या, आत या' एवढेच शब्द निघोत.

प्रभू येशू तुम्हा सर्वांच्या घरादाराला, गोठ्याला आणि शेताला आशीर्वाद देवो. आमेन.

आपला,
धर्मगुरू