न दिसणारा हेतू

बेथानीतील प्रसंग शब्बाथ शाळेत आपण नेहमी शिकवितो. प्रभूवर मोलवान सुगंधी तेल ओतले गेले आणि हे विकून गरिबांस का दिले नाही, अशी कुरकुर झाली. योहान ही कुरकुर यहूदा इस्कर्योताच्या तोंडी घालतो, व तो थैलीतले चोरीत असे हेही सांगतो. म्हणून आपण यहूदाकडे बोट दाखवून मोकळे होतो. परंतु मत्तयाचा 26 वा अध्याय उघडून पाहा. तेथे रागावलेले शिष्य अनेक आहेत. ते काही चोर नव्हते. मग राग कशाचा? गरिबांचा कळवळा खोटा नसेल. पण त्या बाईला जे सुचले ते आपल्याला सुचले नाही, ही बोच त्या कळवळ्याआड लपली नसेल कशावरून? विचारले असते तर त्यांनी शपथेवर नाही म्हटले असते, आणि ते लबाडी करीत नसते.

ढोंग्याला आपला हेतू ठाऊक असतो. ज्याला तो ठाऊकच नाही, त्याचे काय करावे? फ्रॉइडने 1921 साली समूहाच्या मनाविषयी पुस्तक लिहिले, तेव्हा दोन मोठी उदाहरणे घेतली : सैन्य आणि ख्रिस्ती मंडळी. त्याची धर्माविषयीची मते आपल्याला पटणार नाहीत. तरी शेजाऱ्याने आपल्या घराची गळती दाखवली तर ती पाहावी. पुढे 1960 साली इझाबेल मेन्झीस या बाईंनी लंडनच्या एका इस्पितळातील परिचारिकांविषयी लिहिले. रोग्याला नावाऐवजी खाटेच्या नंबराने किंवा रोगाने ओळखीत. झोपेचे औषध देण्यासाठी झोपलेल्यालाही उठवीत! कोणी दुष्ट नव्हते. दुखणे व मरण जवळून पाहण्याची भीती सोसवत नव्हती, ती नियमांनी झाकली गेली होती. संस्थेची शिस्त म्हणजे पुष्कळदा अनेकांनी नकळत मिळून ओढलेले पांघरूण.

आपल्या इतिहासातही हे आहे. 1910 साली एडिंबरोच्या मिशनरी परिषदेत अझरया यांनी मिशनऱ्यांचा त्याग मान्य केला आणि मग मैत्री मागितली. सभेत खळबळ उडाली. मराठी मुलखात नारायण वामन टिळकांनी 1917 साली अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला व ‘देवाचा दरबार’ काढला. देणारे शुद्ध मनाने देत होते, यात मला शंका नाही. पण देणारा हात नेहमी वर असतो, आणि वर असण्याची गोडी त्याला न सांगता लागते. घेणारेही निर्दोष नव्हते. परावलंबनाला त्यांनी नम्रता हे गोड नाव दिले. टिळकांचा त्याग मोठाच. तरीही लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळते की पतीच्या औदार्याचे ओझे बरेचदा घरच्या बाईने वाहिले. त्यागातही आपल्याला न दिसणारे काही असते.

मिशनरी गेले, खुर्ची राहिली. आता आपल्या या सीमेकडे पाहू. 1956 साली जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले : उदगीर-निलंगा मुंबई राज्यात, जहीराबाद आंध्रात, बीदर-हुमनाबाद म्हैसूर राज्यात. मन्नाएखेळ्ळीसारख्या गावात घरी एक भाषा, बाजारात दुसरी, शाळेत तिसरी. अशा भागातल्या मंडळीत उपासना मराठीत की कानडीत, असा वाद निघाला की एक पक्ष म्हणतो तरुणांना समजले पाहिजे, दुसरा म्हणतो वडिलांची परंपरा राखली पाहिजे. दोन्ही कारणे खरी आहेत. पण त्यांच्या तळाशी कोणी न बोललेली भीती असते : आजीची गीते बंद झाली तर मी या मंडळीत कोण? आणि पलीकडच्याची : ही गीते मला येत नाहीत, म्हणजे मी येथे कायमचा पाहुणाच का? कमिटीत ठरावावर हात वर करण्याआधी प्रत्येकाने, या ठरावाने माझे काय जाईल, एवढेच सांगावे. अध्यक्षांनी आधी सांगावे, कारण बाकीचे त्यांच्या तोंडाकडे पाहत असतात.