पहिले पाणी कोणी घालायचे?



पतंजलींच्या योगसूत्रांत पाच नियम सांगितले आहेत, त्यांत शौच पहिला. संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान त्याच्यामागून येतात. व्यासभाष्यात शौचाचे दोन भाग केले आहेत. एक माती-पाण्याने होणारे बाहेरचे शौच, दुसरे चित्तातले मळ धुण्याचे आतले शौच. सत्संगात आपण बहुधा दुसऱ्याविषयीच बोलतो. पहिले म्हणजे घरकाम, त्यात काय साधना, असे मलाही वाटायचे. एका दुलईने माझा तो समज दूर केला.

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात माझे थोरले बंधू राहतात. घरापासून देवराज मार्केट चालत जाण्याइतके जवळ आहे. सकाळी तिथल्या मोगऱ्याचा वास पिशवीबरोबर घरात येतो. आमचे वडील त्यांच्याकडेच असत, दोन वर्षे अंथरुणाला खिळून होते. मी पुण्याला. दर महिन्याला ठरलेले पैसे पाठवत असे, आणि मुलगा म्हणून आपला वाटा उचलला जातो आहे या समाधानात असे.

डिसेंबरात आठ दिवसांसाठी तिकडे गेलो होतो. एका पहाटे वडिलांचे पांघरूण ओले आणि खराब झाले. थंडीसाठी घेतलेली मोठी दुलई होती, आत कृत्रिम तंतू भरलेली. घरातल्या सात किलोच्या मशीनमध्ये ती मावत नव्हती. कोंबून घातली असती तरी आत पाणी खेळायला जागा उरली नसती. मी लगेच म्हणालो, "लाँड्रीत देऊन टाकू, पैसे मी देतो."

वहिनी म्हणाल्या, "देऊ या ना, भाऊजी. पण तो माणूस ती हातात घेणार आहे. आधी आपण धुऊन मग देऊ."

मी गप्प झालो. पैसे देणारच होतो, मग हा प्रश्न कुठून आला?

आपणही क्षणभर विचार करावा. जी घाण उचलताना आपण नाक मुरडतो, ती पैसे देऊन दुसऱ्याच्या हातात ठेवणे योग्य आहे का? कोणी म्हणेल, तो त्याचा व्यवसाय आहे, त्यावर त्याचे घर चालते. हे खरे आहे. सगळे आपणच धुवायचे ठरवले तर त्याची रोजी जाईल, आणि त्यात कसले पुण्य? काम हलके नसतेच. कर्नाटकाच्याच भूमीत बाराव्या शतकात मडिवाळ माचिदेव होऊन गेले. ते बसवेश्वरांचे समकालीन, शरणांचे कपडे धुणारे, आणि स्वतः वचनकार. मडिवाळ म्हणजे परीट. त्यांनी धुणे सोडून भक्ती केली नाही, धुण्यातच केली.

पण काम पवित्र आहे म्हणून ते करणाऱ्याच्या पुढ्यात काहीही टाकावे, असे होत नाही. पैशाने आपण त्याचा वेळ आणि त्याचे कौशल्य घेतो. आपली किळस त्याच्यावर सोपवण्याचा हक्क त्या पैशात येत नाही. गाडगेबाबा गावात शिरले की आधी स्वतः खराटा हातात घेत, आणि कीर्तनातून लोकांशी बोलत ते रात्री. लोकांना सांगण्याआधी त्यांचा हात कचऱ्याला लागलेला असे. पहिला हात आपला, एवढाच तो धडा.

आम्ही न्हाणीघरात दुलई पसरली. खरे सांगायचे तर पहिला तांब्या ओतताना माझा हात अडखळला. वहिनींचा नाही. तेव्हा लक्षात आले, "आधी आपण धुऊन देऊ" यातले "आपण" या घरात दोन वर्षे एकच व्यक्ती होती. माझ्या पैशांनी लाँड्रीचे बिल भागत होते, पण पहिले पाणी कोण घालते हे मी कधी विचारलेही नव्हते. लाँड्रीवाल्याच्या मानाची चर्चा मनात करणारा मी, घरातल्या माणसाचा मान विसरलो होतो.

दुकानात वहिनींनी डाग कशाचा ते कन्नडमध्ये स्पष्ट सांगितले. तो हसून काही बोलला. त्यांनी मला अर्थ सांगितला: लोक डाग आत दुमडून देतात. मित्रहो, आपणही मनातले कितीतरी डाग असेच आत दुमडून समोर ठेवतो, नाही का?

त्याच्याकडे वाळवायला जागा नव्हती, म्हणून धुतलेली दुलई ओलीच घरी आणली. गच्चीवर एका दोरीवर टाकली असती तर आतले भरण ओझ्याने खाली गोळा झाले असते. म्हणून दोन दोऱ्यांवर पसरली, मधूनमधून उलटली, गोळे हाताने मोकळे केले. दुपारपर्यंत वरचे कापड कोरडे लागू लागले. मी घडी घालायला निघालो. वहिनींनी मधोमध हात दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "अजून गार लागते आहे." आतली ओल राहिली तर चार दिवसांत कुबट वास येतो आणि सगळी मेहनत वाया जाते. दुसऱ्या दिवसाचे ऊनही द्यावे लागले.

त्या संध्याकाळी मी वहिनींची क्षमा मागितली. त्या "असू द्या" म्हणाल्या. वर कोरडे झाले होते, आतले मला ठाऊक नव्हते. क्षमा एका शब्दाने मागता येते, पण दोन वर्षांच्या ओलीला एक ऊन पुरत नाही. म्हणून उरलेले दिवस पहाटे मी उठलो. पुढे वडील असेपर्यंत वर्षातून दोनदा जाण्याऐवजी दर दोन महिन्यांनी जात राहिलो. "असू द्या" केव्हा मनापासून आले, ते मला सांगता येणार नाही. मात्र एका फेरीत, मी विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, "भाऊजी, उद्याचे तुम्ही बघा, मी झोपते."

आपल्या घरातही अशी एखादी दुलई असेल. कोणाचे आजारपण, कोणाचे म्हातारपण, रोजची एखादी नकोशी स्वच्छता. आपण तिचा खर्च उचलत असाल, हे चांगलेच आहे. या आठवड्यात फक्त एवढे पाहू या: तिथे पहिले पाणी कोण घालते? त्या माणसाला एक दिवस झोपू द्यावे, आणि तांब्या आपण हातात घ्यावा.