बुजलेल्या विहिरी
(शास्त्रपाठ : उत्पत्ती २६:१५-२२)

अब्राहामाच्या काळी खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवून टाकल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या आणि बापाने दिलेलीच नावे त्यांना दिली.

आपल्या विहिरी मात्र पलिष्ट्यांनी बुजवलेल्या नाहीत. आमच्या मंडळीच्या आवारातील विहीर आम्हीच राडारोड्याने भरली, वर फरशी बसवली व शेजारी कूपनलिका खणली. ती अधिक खोल नेताना दर वेळी आम्ही प्रार्थनाही केली!

जगात भूजलाचा सर्वाधिक उपसा भारतात होतो. हवामान बदलल्याने पाऊस थोड्या दिवसांत कोसळून जातो. त्याला जमिनीत मुरण्यास उसंत मिळत नाही. म्हणून तो मुद्दाम अडवून जिरवावा लागतो.

राजस्थानातील अलवर जिल्ह्यात १९८५ साली राजेंद्र सिंह व त्यांचे सहकारी लोकसेवेच्या हेतूने गेले. पाण्याचे काम करा, असे गावच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना सुचवले. गोपालपुरा गावी गाळाने भरलेला जुना जोहड उपसण्यापासून आरंभ झाला. जोहड म्हणजे उतारावर मातीचा बांध घालून केलेले तळे. त्यातील पाणी आटल्यासारखे दिसते, परंतु त्यातले बरेचसे खाली मुरून विहिरींत उतरते. गावोगाव असे बांध झाले आणि काही वर्षांनी कोरडी पडलेली अरवरी नदी पुन्हा वाहू लागली.

छपराचे पाणी जमिनीत सोडण्याचा विषय आमच्या कमिटीत निघाला, तेव्हा एका बंधूंनी विचारले, "खर्च आपला, आणि पाणी शेजारच्या वस्तीला?" प्रश्न खोटा नव्हता. मुरलेले पाणी कुंपण ओळखत नाही. पण एसेक व सितना या विहिरींवरून तंटा झाला, तेव्हा इसहाकाने वाहत्या झऱ्याची विहीरसुद्धा सोडली व तो पुढे खणत गेला. त्या सोडलेल्या विहिरींचे पाणी कोण प्याले असेल?

आपल्या मंदिराचे छप्पर मोजून पाहा. २०० चौरस मीटर छपरावर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर १,४०,००० लिटर पाणी होते. त्यातील काही वाया जाईलच. पहिल्या सरींचे मळके पाणी वाहून जाऊ द्यावे, पुढचे वाळू-खडीतून गाळूनच विहिरीत सोडावे. घाण पाणी खाली गेले तर साऱ्या वस्तीचे पाणी नासेल. आम्ही मे महिन्यात फरशी उखडली. राडारोडा काढायला ते बंधूही आले होते.