एस.टी.च्या तिकिटाएवढी सफर

सुट्टी म्हटलं की महाबळेश्वर, आणि मग खर्चाची धास्ती! पण बीडकरांनो, गावातलंच, चहूकडून पाण्यानं वेढलेलं कंकालेश्वराचं मंदिर शेवटचं कधी पाहिलंत?

शहराबाहेरची निजामशाहीतली खजाना विहीर तर सायकलच्या टप्प्यात. तिचं पाणी पंपाविना, भुयारातून, नुसत्या उतारानं शेतांकडे जातं. पोरांना विचारा, येतं कुठून, जातं कुठं? आणि त्या पाण्याच्या मागावर चालायला लागा. माझ्या मते किल्ला चढण्याइतकीच मजा त्यात आहे.

पावसाळ्यात पाटोदा तालुका गाठा. सौताड्याला विंचरणा नदी दरीत उडी घेते, नायगावला मोर. मोरांसाठी मात्र पहाटे उठावं लागेल, इलाज नाही! फडक्यात भाकरी-ठेचा बांधून घ्या. परतीची शेवटची गाडी कधी, ते कंडक्टरला जातानाच विचारून ठेवा.