पोटाचा हक्क नागरिकाचा की माणसाचा?

परवाना नसताना रस्त्यावर माल विकणाऱ्या परक्या माणसाला गुन्हेगार मानावे काय? वरवर पाहता हा प्रश्न कायद्याचा वाटतो. मुळात तो नीतीचा आहे. तो तपासण्यासाठी मुद्दाम दूरचे उदाहरण घेऊ. दूरच्या माणसाचा न्याय करताना आपला स्वार्थ आड येत नाही.

स्पेनमधील बार्सिलोना व माद्रिद या शहरांत सेनेगल या आफ्रिकी देशातून आलेले तरुण रस्त्यावर चादर पसरून पिशव्या, चष्मे, सदरे विकतात. चादरीला स्पॅनिश भाषेत ‘मान्ता’ म्हणतात, म्हणून यांना ‘मान्तेरो’ हे नाव पडले. आपल्या भाषेत पथारीवाले. चादरीच्या चारही कोपऱ्यांना दोऱ्या बांधलेल्या असतात. पोलीस दिसला की दोऱ्या ओढायच्या, गाठोडे खांद्यावर टाकायचे आणि पळत सुटायचे. यांतील कित्येक जण लाकडी होड्यांतून अटलांटिक महासागर ओलांडून कॅनरी बेटांवर उतरले. एकट्या २००६ साली पश्चिम आफ्रिकेतून तीस हजारांहून अधिक माणसे या वाटेने आली. सेनेगलच्या किनाऱ्यावरची मासळी परदेशी मोठ्या जहाजांनी उपसून नेली आणि तेथील कोळ्यांच्या मुलांना पोटासाठी परदेश गाठावा लागला, हेही या स्थलांतराचे एक कारण आहे.

आता कायद्याचा फेरा पाहा. विनाकागदपत्रे आलेल्या माणसाला स्पेनमध्ये वास्तव्याचा परवाना हवा असेल, तर एरवीची वाट अशी की त्याने आधी काही वर्षे तेथे राहिले पाहिजे. ही मुदत पूर्वी तीन वर्षांची होती. मे २०२५ पासून ती दोन वर्षांवर आली. बहुधा नोकरीचा करारही दाखवावा लागतो. पण परवान्यावाचून नोकरी करता येत नाही. मग तेवढी वर्षे खायचे काय? तो चादर पसरतो. २०१५ च्या दंडसंहितेतील दुरुस्तीने नकली छापाचा माल रस्त्यावर विकणे हा पुन्हा सहा महिने ते दोन वर्षे कैदेचा गुन्हा ठरला. किरकोळ प्रकरणी दंड किंवा समाजसेवेची शिक्षा. आणि एकदा गुन्ह्याची नोंद झाली की परवाना अडतो. म्हणजे परवाना नाही म्हणून चादर आणि चादर आहे म्हणून परवाना नाही! हा फेरा आपल्याला अनोळखी नाही. पाणवठ्याला शिवू द्यायचे नाही आणि मग अस्वच्छ म्हणून हिणवायचे, हीच ती रीत.

१५ मार्च २०१८ रोजी माद्रिदच्या लावापिएस वस्तीत असा एक सेनेगली फेरीवाला हृदय बंद पडून रस्त्यावर मेला. पोलिसांच्या पाठलागामुळे तो मेला की नाही, यावर वाद झाला. पण दहा वर्षांहून अधिक काळ त्या देशात राहूनही त्याच्याजवळ कागद नव्हता, यावर वाद नाही.

यावर दोन आक्षेप येतात. दुकानदार म्हणतो, मी भाडे देतो, कर भरतो, हा काहीच देत नाही. आक्षेप खरा आहे. पण ज्याला कर भरण्याची वाटच उघडी नाही, त्याला करचुकवा म्हणणे न्यायाचे नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नकली छापाचा माल विकणे ही चोरीच नव्हे काय? भगवान बुद्धांनी सम्यक आजीविका सांगताना शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य व विष हे पाच व्यापार वर्ज्य सांगितले. तेथे कसोटी राजमुद्रेची नाही, दुःखाची आहे. या कसोटीवर पिशवी विकणारा शस्त्रे विकणाऱ्याच्या रांगेत बसत नाही. तरी दुसऱ्याची खूण वापरणे हे निर्दोष नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. बार्सिलोनाच्या फेरीवाल्यांनी स्वतःच याचे उत्तर शोधले. २०१५ साली त्यांनी आपली संघटना उभारली, २०१७ साली ‘टॉप मान्ता’ ही स्वतःची खूण काढली आणि आपले कपडे स्वतः शिवू लागले. २०२० च्या साथीत त्यांनीच मुखपट्ट्या शिवून दिल्या. वाट मिळाली की माणूस सरळ चालतो, याला आणखी पुरावा कशाला?

आता आपल्या घराकडे वळू. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात मुंबईच्या पदपथवासीयांसंबंधी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. मात्र त्यांना हटविण्यास कायमची मनाई केली नाही. १९८९ साली सोदान सिंग खटल्यात रस्त्यावर विक्री करणे हा वाजवी निर्बंधांसह व्यवसायस्वातंत्र्याचा भाग ठरला. २०१४ साली फेरीवाल्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. येथे एक भेद लक्षात घ्या. आपल्या संविधानात व्यवसायाचे स्वातंत्र्य कलम १९ मध्ये आहे आणि ते नागरिकाला आहे. जीविताचा हक्क कलम २१ मध्ये आहे आणि तो कोणत्याही व्यक्तीला आहे. नागरिक म्हणजे राज्याने ओळखलेला माणूस. व्यक्ती म्हणजे भूक लागणारा माणूस. भूक पारपत्र पाहून लागत नाही.

रस्त्याला शिस्त हवी, पदपथ आंधळ्याला व म्हाताऱ्याला मोकळा हवा, यात दुमत नाही. जागा ठरवा, वेळ ठरवा, पावती फाडा. परंतु माणसाला कष्टाची प्रत्येक वाट बंद करून नंतर त्याच्या कष्टालाच गुन्हा म्हणणे, ही शिस्त नव्हे. २०१७ साली एल्फिन्स्टन रोडच्या चेंगराचेंगरीनंतर मुंबई परिसरात फेरीवाल्यांना मारहाण झाली. त्यांतील बरेच जण उत्तरेतून आलेले, म्हणजे याच देशाचे नागरिक होते. नागरिकत्वाचा कागदही त्यांना वाचवू शकला नाही, कारण मारणाऱ्याने आधी माणूसच नाकारला होता. म्हणून क्रम उलटा लावून चालणार नाही. आधी माणूस, मग नागरिक. फेरीवाल्याकडे कागद मागण्यापूर्वी, तो मिळण्याची वाट आपण उघडी ठेवली आहे काय, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.